झाकण घरी, टुरीन गावभर

सोमवारी सकाळी मृदुलाकाकूंनी मला वॉशिंग मशीनपाशी बोलावलं. त्या घरात गुप्त बोलायची ती एकच जागा. मशीन सुरू असलं की बाळकाकांना ऐकू येत नाही, आणि बंद असलं तरी ते तिकडे फिरकत नाहीत.

"गंधार," काकू म्हणाल्या, "झाकण आहे. भांडं नाहीये."

"कुठलं भांडं?"

"त्यांचं."

'त्यांचं' म्हटल्यावर पुढे काही विचारायची गरज नव्हती. न्यूझीलंडमध्ये, लोअर हटमधल्या सबनिसांच्या घरात मी दोन वर्षं भाड्याने राहतोय, आणि पहिल्याच दिवशी मला समजावून सांगितलं होतं की इथे भांडी दोन प्रकारची आहेत. आपली आणि त्यांची. आपली स्टीलची, ओट्याखाली. त्यांची चिनीमातीची नाहीतर चांदीचा मुलामा दिलेली, काचेच्या कपाटात कुलपाआड.

बाळकाका लष्करी मेसची जुनी क्रोकरी जमवतात. लष्करात ते एक दिवसही नव्हते. पुण्यात पाटबंधारे खात्यात होते, इथे येऊन कौन्सिलच्या सांडपाण्याचे इंजिनिअर झाले आणि त्यातूनच रिटायर झाले. लष्कराशी संबंध एवढाच की कॉलेजात एनसीसीला होते, आणि तेही परेडनंतर मिळणाऱ्या सामोशासाठी, असं काकू सांगतात. पण नऊ वर्षांपूर्वी कढीपत्त्याच्या कुंडीखाली ठेवायला म्हणून त्यांनी एका ऑप-शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, दोन डॉलरला एक खोलगट बशी आणली. पुसल्यावर तिच्या काठावर एक किवी पक्षी निघाला, त्याच्यावर फुली मारल्यासारख्या दोन रायफली. एका बटालियनच्या ऑफिसर मेसचं ते चिन्ह होतं. बटालियन कधीच बरखास्त झाली, बश्या मात्र देशभर फिरत होत्या. काका त्यांच्या मागे लागले. काकूंच्या मते तो किवी नसून मोड आलेला बटाटा आहे, पण हे त्या काकांसमोर बोलत नाहीत.

आता हरवलं होतं ते टुरीन. म्हणजे सूप वाढायचं मोठं, दोन कानांचं, झाकणवालं भांडं. सगळ्या संग्रहातली सगळ्यात दुर्मीळ वस्तू. काकांना ते ऑकलंडला अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात सापडलं, तेव्हा त्यात कांदे होते. परतीच्या आठ तासांच्या प्रवासात ते पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसलं होतं आणि काकू मागे.

"हरवलं कसं?" मी विचारलं. "कपाटात मावत नाही म्हणून ते साइडबोर्डवर असतं ना. काल मी झाकण बघितलंय."

"झाकणाखाली चार आठवडे कुकरचं भांडं आहे. त्याला नॅपकिन गुंडाळलाय मी."

मग सगळं बाहेर आलं. पाडव्याला मराठी मंडळाचं पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं. काकूंकडे चाळीस माणसांचं श्रीखंड होतं आणि घरातली सगळी मोठी पातेली मसालेभातात गेली होती. काका जुन्या वस्तूंच्या एका मेळाव्याला पामर्स्टन नॉर्थला गेले होते, काटे-चमचे शोधायला. "आणि ते आपलं साइडबोर्डवर नुसतं बसलं होतं," काकू म्हणाल्या. कोणीही नुसतं बसलेलं काकूंना बघवत नाही.

"पण मी बुडाला ठिपका लावला होता," त्या पुढे म्हणाल्या. "म्हणून तर बिनधास्त होते."

मंडळात भांडी एकमेकांत जातात म्हणून प्रत्येक घर आपल्या भांड्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावतं. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. सबनीस म्हणजे बॉटल ग्रीन. एवढी चांगली पद्धत असूनही दर कार्यक्रमानंतर भांडी एकमेकांत जातात, आणि कोणीच पद्धतीला दोष देत नाही.

"काकू, तुम्ही सत्तर वर्षांच्या टुरीनला नेलपॉलिश लावलंत?"

"बुडाला," काकू म्हणाल्या. "बुडाकडे कोण बघतंय?"

बुडाकडे काकांशिवाय कोणीच बघत नाही. काका मात्र फक्त बुडाकडेच बघतात, कारण शिक्का आणि साल तिथे असतं. पण ते नंतरचं. आधीचा प्रश्न शनिवारचा होता.

शनिवारी ट्रेव्हर जेवायला येणार होता. ट्रेव्हर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, दोन गल्ल्या सोडून राहतो. तरुणपणी तो त्याच बटालियनबरोबर मलायात होता, पण बंदूक त्याने फारशी चालवली नाही. त्याला ऑफिसर मेसमध्ये वाढपी केलं होतं. काका एकदा ऑप-शॉपमध्ये एक बशी उजेडात धरून बघत होते, तेव्हा मागून आवाज आला, "असल्या चाळीस मी फोडल्यात." तेव्हापासून दर गुरुवारी ट्रेव्हर चहाला येतो आणि काकांना कुठली सुरी माशाची आणि कुठली लोण्याची ते सांगतो. एका गुरुवारी काकांनी विचारलं, की त्या मेसचं सूप चवीला कसं असायचं. ट्रेव्हर म्हणाला, माहीत नाही. वाढपी मागे स्वयंपाकघरात पत्र्याच्या ताटलीत खायचे. दोन वर्षं त्याने ते टुरीन उचललं, त्या टेबलावर एकदाही बसला नाही.

हे तो तक्रार म्हणून बोलला नाही, बिस्कीट बुडवता बुडवता बोलला. पण काकांचा चहा गार झाला. ते म्हणाले, सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, ॲन्झॅक डेच्या आठवड्यात तू टेबलाच्या टोकाला बसशील आणि मी वाढीन. सगळा सेट, सूपपासून पुडिंगपर्यंत, एकही चमचा कमी नाही. शब्द दिला. आणि आता ट्रेव्हर रविवारी कायमचा ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला लेकीकडे निघाला होता. शनिवार चुकला तर संपलं.

"ह्यांना कळायच्या आत आण," काकू म्हणाल्या. "तू टेस्टर आहेस ना?"

मी वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना न दुखावता कळवायच्या, हे माझं काम. मंडळासाठी लागणारं कौशल्य हेच.

मंगळवारी मी दीप्तीताईंकडे गेलो, कारण त्यांचा रंग पोपटी आहे आणि हॉलमधले दिवे यथातथाच आहेत.

"हो, आलं होतं ना माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर बघते तर आपलं नाही."

"मग परत का नाही दिलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मराठी आहे का याचीच त्यांना शंका आली असावी. "रिकामं कसं देणार? खोबऱ्याच्या वड्या केल्या. आणि भरून नीलांबरीला दिलं. तिचा मोरपंखी आहे ना."

बुधवारी नीलांबरीवहिनी.

"मला दिसलं होतं की हा मोरपंखी नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग घेतलंत का?"

"दारात भरलेलं भांडं घेऊन माणूस उभं, आणि मी नाही म्हणू? अशुभ असतं रे ते. वड्या छान होत्या. साखर थोडी जास्त."

"आणि मग?"

"मग चिवडा भरला. आता कोणाचं ते माहीत नाही, तर म्हटलं सुशीलला देऊ. एकटा राहतो बिचारा. तो मंडळात विचारेल आणि देईल ज्याचं त्याला."

"तुम्ही का नाही विचारलंत मंडळात?"

"म्हणजे दीप्तीला कळलं असतं की तिने चुकीचं दिलं. तिला किती वाईट वाटलं असतं."

चार आठवड्यांत ते टुरीन मंडळात माझ्यापेक्षा जास्त घरी जाऊन जेवून आलं होतं.

सुशील विद्यार्थी म्हणून आला आणि इथलाच झाला. त्याने हॉटेल मॅनेजमेंट केलंय, पण रिसेप्शनचं. अन्नाशी त्याचा संबंध 'ब्रेकफास्ट इज सर्व्ह्ड टिल टेन' या वाक्यापुरता. फोन उचलेना म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी वेलिंग्टनमधली त्याची टेकडी चढलो. टुरीन त्याच्या टेबलावर होतं. घासून पुसून, स्वच्छ, रिकामं, वर धुतलेला पंचा. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांडंही समोरच होतं.

"देतो," सुशील म्हणाला. "पण आज नाही."

"का?"

"रिकामं आहे."

"मला रिकामंच हवंय. उद्या त्यात सूप वाढायचंय."

"ते तुमचं. माझ्याकडून ते रिकामं जाणार नाही." तो खुर्चीत बसला. कामावरचा टाय अजून गळ्यात होता. "तीन आठवडे प्रयत्न करतोय, गंधार. साबुदाण्याची खिचडी केली, तिने वॉलपेपर चिकटवला असता. रव्याचे लाडू केले. तो बघ."

खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत एक लाडू लावला होता. वेलिंग्टनच्या वाऱ्यात ती खिडकी जराही हलत नव्हती.

"विकतचं काहीतरी भर."

"विकतचं भांड्याला कळत नाही, पण आईला कळतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, भांडं दिलंस का परत. दुसरा, काय भरून दिलंस. दुसऱ्या रविवारपासून मी तिला सांगतोय नेट स्लो आहे." त्याने टुरीनवरचा पंचा सारखा केला. "चार वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदा कोणाच्या घरून भांडं भरून आलंय, यार. रिकामं परत दिलं तर दुसऱ्यांदा कशाला येईल?"

"मग आईलाच विचार," मी म्हणालो.

भारतात तेव्हा दुपार होती. आम्ही त्याच्या आईला, सांगलीच्या शांताकाकूंना, फोन लावला. त्यांनी चिंचगुळाची आमटी सांगितली. सोपी, न चुकणारी. सुशीलने हॉटेलच्या पॅडवर सगळं लिहून घेतलं. डाळ किती, शिजवायची किती, फोडणीत आधी काय, नंतर काय.

"आणि तिखट?" त्याने विचारलं.

"तिखट अंदाजाने," शांताकाकू म्हणाल्या.

त्याने लिहिलं, 'तिखट: अंदाजाने', आणि खाली रेघ मारली.

शनिवारी सकाळी नऊला मी परत त्याच्याकडे. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, त्यामुळे विचारायला कोणी नाही. डाळ पहिल्यांदा कच्ची राहिली. दुसऱ्यांदा कुकरने शिट्टीच दिली नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना त्रास होतो म्हणून सुशीलने शिट्टी काढून ठेवली होती. साडेअकराला काकूंचा मेसेज आला, 'ह्यांनी नॅपकिन काढला. सगळं सांगितलं. काही बोलत नाहीयेत. लवकर या.' बाराला आमटी झाली. टुरीनमध्ये ओतली, वर क्लिंग फिल्म ताणून बसवली, आणि स्टेशनवर गेलो तर रुळांचं काम काढलेलं, ट्रेनऐवजी बस.

बसमध्ये सुशील टाय लावून, टुरीन मांडीवर घेऊन ताठ बसला होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "सूप?"

"लेंटिल्स," सुशील म्हणाला.

"स्वीट ॲज," त्या म्हणाल्या, म्हणजे इथल्या भाषेत मस्तच, आणि प्रत्येक वळणावर टुरीनचा एक कान धरून ठेवत होत्या.

आम्ही फाटक उघडलं तेव्हा बाळकाका दारात उभे होते. कोट, टाय, आणि दोन्ही हातांत झाकण. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, टुरीनकडे बघितलं. एक कान, दुसरा कान, काठ, कुठे टवका नाही. मग त्यांनी क्लिंग फिल्म सोलून काढली आणि झाकण ठेवलं. ठक् आवाज झाला. काकांनी श्वास सोडला.

"किती वाजले?"

"एक दहा," मी म्हणालो.

"मेसमध्ये एकला एक वाजतो." मग वास आला असावा. "आत काय आहे?"

"आमटी," सुशील म्हणाला. "चिंचगुळाची. मी केलीय. ते रिकामं आणायचं नव्हतं."

आत गॅसवर काकूंचं भोपळ्याचं सूप तयार होतं. गेला आठवडाभर काका त्याच्या दाटपणावर सूचना देत होते. त्यांनी सुशीलच्या टायकडे बघितलं, त्याच्या शर्टावर पडलेल्या हळदीच्या डागाकडे बघितलं.

"हात धू आणि बस," ते म्हणाले. "मृदुला, अजून एक जागा मांड."

टेबलाच्या टोकाला ट्रेव्हर बसला होता. जुना ब्लेझर, त्यावर तीन पदकं. समोर बश्या, काटे, सुऱ्या अशा मांडल्या होत्या की माणसाला आपण जेवायला बसलोय की ऑपरेशनला, ते कळू नये. काका टुरीन घेऊन आत आले आणि ट्रेव्हर खुर्चीतून अर्धा उठला. मुद्दाम नाही. गुडघ्यांना सवय होती.

"बसा," काका मराठीत म्हणाले.

ट्रेव्हर बसला. काका उजवीकडून वाकले.

"डावीकडून, बाळ," ट्रेव्हर हळूच म्हणाला.

काका वळसा घालून डावीकडे गेले आणि त्यांनी डावाने आमटी वाढली. किवीच्या बशीत, काठावर एक थेंब न सांडता. 

ट्रेव्हरने पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. मग चमचा खाली ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

 काका कपाटाकडे तोंड करून उभे राहिले आणि काचेवरचा नसलेला डाग पुसायला लागले. काकूंनी पदर नव्हता म्हणून नॅपकिन डोळ्यांना लावला.

सुशील माझ्या कानाशी आला. "तिखट तू टाकलंस?"

"हो. अंदाजाने. का?"

"मीपण टाकलं."

मी माझा चमचा तोंडात घातला. घातला आणि नाक पुसलं.

ट्रेव्हर लालबुंद झाला होता. तो कोकम सरबताचा पूर्ण ग्लास प्यायला, मग काकूंचाही प्यायला. "सत्तर वर्षं," तो म्हणाला, "मला वाटायचं ह्यात काय एवढं असेल." मग त्याने बशी पुढे सरकवली. "अजून."

एकाच लक्षणाची दोन कारणं असू शकतात. आमच्या कामात अशा वेळी नोंद करायची आणि पुढे जायचं असतं. एवढं सांगतो, की त्याने तीन वेळा घेतली आणि तिन्ही वेळा रडला. तिसऱ्या वेळी काकांनी वाढायच्या आधीच तो डावीकडे सरकून त्यांना जागा करून देत होता.

भोपळ्याच्या सूपकडे कोणी वळलंच नाही. मासा झाला, भात झाला, पुडिंग म्हणून शेवयांची खीर झाली, प्रत्येकाला वेगळा चमचा. शेवटी काकांना राहवेना. त्यांनी उरलेली आमटी काढून ठेवायला सांगितली, टुरीन पुसलं, आणि ट्रेव्हरला शिक्का दाखवायला उलटं केलं.

शिक्का होता. साल होतं. आणि सालाच्या शेजारी बॉटल ग्रीन ठिपका होता, चांगला मटाराएवढा.

काकूंनी पुडिंगचे चमचे गोळा करायला घेतले. एकेक, सावकाश.

"हे काय आहे?" काका म्हणाले.

"माझा आहे तो," काकू म्हणाल्या. "बॉटल ग्रीन म्हणजे सबनीस. सगळ्या मंडळाला माहितीये."

ट्रेव्हरने चष्मा लावला आणि ठिपका नीट बघितला. "आमचा लाल होता," तो म्हणाला.

"काय लाल होता?"

"ठिपका. शेजारच्या बटालियनचे वाढपी आमची भांडी पळवायचे. मग आम्ही बुडाला रंग लावायचो. स्टोअरमध्ये असेल तो. बहुतेक लाल."

काका जाग्यावर थिजले. नऊ वर्षं त्यांनी कॅटलॉग वाचले होते, पत्रं लिहिली होती, ही गोष्ट कुठेच नव्हती. ते भिंग घेऊन आले. बुडाच्या कडेच्या खाचेत काहीतरी तांबूस होतं. मला गंजाचा डाग वाटला, सुशीलला आमटी. काकांना काही शंका नव्हती.

"मृदुला," ते म्हणाले, "लाल आहे का तुझ्याकडे?"

"मरून आहे."

काकांनी ट्रेव्हरकडे बघितलं. ट्रेव्हर म्हणाला, लष्करात मरूनही लालच असतो.

ठिपका ट्रेव्हरने स्वतः लावला, हिरव्याच्या शेजारी. हात हलल्याने त्याचा स्वल्पविराम झाला. तो वाळेपर्यंत सगळे फुंकर घालत होते. मग काकांनी टुरीन दोन्ही हातांनी ट्रेव्हरसमोर धरलं. "हे तुझं. गोल्ड कोस्टला घेऊन जा."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. सबनिसांच्या घरात असं वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

"नको," ट्रेव्हर म्हणाला. "दोन वर्षं उचललंय मी ते. जड आहे."

उरलेली आमटी मात्र त्याने नेली, आइस्क्रीमच्या डब्यात. फाटकाशी तो आणि काका हात हातात घेऊन बराच वेळ उभे होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण दोघंही नाक पुसत होते, आणि काकांनी आमटी एकदाच घेतली होती.

काका आत आले तेव्हा सुशील जॅकेट चढवत होता. काकांनी टुरीन उचललं, स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवरचं भोपळ्याचं सूप त्यात ओतलं. काठोकाठ. या वेळी झाकणही ठेवलं, आणि ते सुशीलच्या हातात दिलं.

सुशीलने त्या दोन कानांकडे बघितलं. "काका, आइस्क्रीमचा डबा द्या ना."

"संपले डबे," काका म्हणाले. ओट्यावर चार डबे पालथे घातलेले होते. "सावकाश आण परत. शनिवारी वगैरे. एकला."

मी त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. तो टुरीन छातीशी धरून चालत होता, फुटपाथकडे बघत, पाऊल जपून टाकत. दुकानापाशी वळताना त्याने विचारलं, "कोबीची भाजी अवघड असते का रे?"

"आईला विचार."

"विचारतो. आणि ह्या वेळी तिखट फक्त मी टाकणार."